समुपदेशन नव्हे, उपचार

स्तनांच्या कर्करोगासह जगणाऱ्या स्त्रियांसाठी जी 'ग्रुप थेरपी' घेतली जाते, तिला 'समूह-समुपदेशन' म्हणावे की 'गटचिकित्सा', असे एका वाचक भगिनींनी विचारले आहे.

पहिला शब्द हल्ली इतका कानांवर आदळतो, आणि तोही पुष्कळदा 'समूपदेशन' असा दीर्घ ऊकार लावून लिहिलेला दिसतो, की त्याचा निकाल आधी लावतो. त्यात 'दिश्' म्हणजे दाखवणे हा धातू आहे. एकाने दाखवायचे आणि बाकीच्यांनी पाहायचे, ही शाळेच्या वर्गातली मांडणी त्यात गृहीतच आहे. 'चिकित्सा'कडे नंतर वळू.

खरी गंमत 'उपचार' या शब्दात आहे. उप म्हणजे जवळ, चर् म्हणजे वावरणे. जवळ वावरण्यावरून सेवाशुश्रूषा, तिच्यावरून औषधपाणी, आणि त्यातला जिव्हाळा आटला की उरते ते 'औपचारिक'! पूजेतल्या सोळा उपचारांचा आरंभही आवाहन आणि आसन यांनीच होतो: या, बसा. ज्या ग्रीक शब्दावरून 'थेरपी' आला, त्या 'थेरापेइया'चा अर्थदेखील सेवा असाच आहे आणि देवाची सेवाही त्यात येते.

उपचार म्हणजे औषधयोजना, नुसत्या बोलण्याला तो शब्द लावू नये, असे बजावणाऱ्या कोशपंडितांनी अशा बैठकीत काय घडते ते पाहावे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांच्या पद्धतीत स्त्रिया आठवड्यातून एकदा दीड तास एकत्र बसत आणि मरणाच्या भीतीबद्दलही उघड बोलत. समजा एक म्हणाली, "घरी सगळे धीर धर म्हणतात, म्हणून मी न्हाणीघरात जाऊन रडते," आणि दुसरी म्हणाली, "मीसुद्धा, नळ सोडून." हे दुसरे वाक्य म्हणजेच उपचार, आणि ते तज्ज्ञाच्या तोंडचे नाही. म्हणून इथे 'समूहोपचार' हा शब्द हवा, आणि माझ्या मते हा समास 'समूहावर उपचार' असा न सोडवता 'समूहाने केलेला उपचार' असा तृतीया तत्पुरुष म्हणूनच सोडवला पाहिजे.

राहिली 'चिकित्सा'. मराठीत 'फार चिकित्सा करू नकोस' असे आपण कधी म्हणतो ते सर्वांना ठाऊक आहे. पण माझा आक्षेप निराळा आहे. हा शब्द रोग हटवण्याचे आश्वासन देतो. स्पीगेल यांनी १९८९ मध्ये, रोग शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांच्या अभ्यासावरून, गटात बसणाऱ्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने आणि इतर १८.९ महिने जगल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा तसे आश्वासन खरे वाटले होते. कॅनडातील २३५ स्त्रियांच्या अभ्यासात मात्र २००१ मध्ये आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. मनाचा त्रास आणि वेदना कमी झाल्या, विशेषतः ज्या आधीपासून अधिक खचलेल्या होत्या त्यांच्या. जवळ वावरण्याने जे साधते ते एवढेच, आणि ते थोडे नाही.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर: 'समूहोपचार' असे जोडून लिहावे. समुपदेशनाला चुकून चिकटवला जाणारा दीर्घ ऊकार इथे मात्र हक्काचा आहे.