लीड झाल्यापासून मी काही कामच करत नाही

सॉफ्टवेअरमध्ये आठ-दहा वर्षं काढून लीड, म्हणजे टीमप्रमुख, झालेली माणसं कामातल्या अडचणी घेऊन माझ्याकडे येतात, तेव्हा हे वाक्य हमखास ऐकू येतं. "दिवसभर मीटिंगा. संध्याकाळी विचार करते, आज मी नेमकं केलं काय? सांगण्यासारखं काही नसतं." त्यापुढचं मात्र जरा खालच्या आवाजात येतं, "मग रात्री बसून टीमचा कोड मीच नीट करते."

अशाच एका बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. राहायला डोंबिवली, ऑफिस ऐरोलीला, म्हणजे ठाण्याला गाडी बदलून जाणं-येणं. क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे महत्त्वाचे कॉल संध्याकाळनंतर. त्यांच्यासह टीममध्ये सहा जण. लीड होऊन वर्ष होत आलेलं. रात्री दोनला झोप, सकाळी ॲसिडिटी, घरात चिडचिड. आधी फॅमिली डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यायला सांगितलं. त्यात विशेष काही निघालं नाही.

मी त्यांना एक वही करायला सांगितली. दिवसभरात कोण आलं, काय विचारलं आणि त्या प्रश्नाचं पुढे काय झालं, एवढंच लिहायचं. काही दिवसांनी त्या वही घेऊन आल्या. तिसऱ्या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीला "मी केलं" किंवा "मी बघते म्हटलं" असं होतं. एक मुलगा डेटाबेसमधल्या बदलाबद्दल पुन्हा पुन्हा तोच प्रश्न घेऊन आलेला दिसत होता. का येणार नाही? प्रत्येक वेळी त्याला उत्तर तयार मिळत होतं. रिव्ह्यूला, म्हणजे तपासणीला, आलेला कोड परत न पाठवता त्या रात्री स्वतःच बदलून टाकत, आणि सकाळी ज्याचा कोड होता त्याला तो ओळखूही येत नसे.

मला त्या वहीत आणखी एक गोष्ट खटकली. महत्त्वाचं काही बिघडलंय, असं सांगायला कुणीच आलेलं नव्हतं.

"वाईट बातमी तुम्हाला कुणाकडून कळते?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "क्लायंटकडून."

टीममधून कधी तक्रार येत नाही, याचा तोवर त्यांना अभिमान होता. एमी एडमंडसन या हार्वर्डच्या संशोधक. त्यांनी 1990च्या दशकात रुग्णालयांतल्या वॉर्डांमधल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या टीमकडे चुका कमी असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे उलटे निघाले. चांगलं नेतृत्व असलेल्या वॉर्डांमध्ये चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथल्या माणसांना चूक बोलून दाखवायची भीती वाटत नव्हती. हे सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "म्हणजे माझ्याकडे चुका होतात, फक्त माझ्यापर्यंत येत नाहीत." हो, तसंच होतं.

पण रात्रीचा कोड सोडा, एवढं सांगून तो सुटला नसता. तो कशासाठी चालला होता, हे तिसऱ्या-चौथ्या भेटीत उघड झालं. बाई मराठी माध्यमातून शिकलेल्या, घरातल्या पहिल्या इंजिनीअर. कॉलेजात आणि पहिल्या नोकरीत इंग्रजी बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडायची. "कोड बरोबर असला की तुमचं इंग्रजी कुणी बघत नाही, मॅडम." दहा वर्षं त्यांच्या वतीनं कोड बोलला होता. लीडचं पद मिळालं आणि अचानक सगळं काम बोलण्याचं झालं: कामाला किती वेळ लागेल याचं एस्टिमेट समजावणं, क्लायंटला नाही म्हणणं, दोघांमधला वाद सोडवणं. रात्री लॅपटॉप उघडला की त्या पुन्हा आपल्या खात्रीच्या जागी जात होत्या. त्या जागेची ओढ मला फार समजण्यासारखी वाटते. अशी माणसं मुंबईच्या आयटीत मला खूप भेटतात आणि त्यांच्या हुशारीबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच त्यांनी स्वतःला "बोलता न येणारी" ठरवून टाकलेलं बघवत नाही.

बोलणं हे कामच नाही, असंही त्यांच्या मनात बसलं होतं. तिथे मी गणिताचा आधार घेतला, कारण गणितावर त्यांचा विश्वास होता. सहा माणसांत दोघादोघांच्या जोड्या पंधरा होतात. आठ झाली की अठ्ठावीस. आयबीएममध्ये मोठा सॉफ्टवेअर प्रकल्प सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी 1975 मध्येच लिहून ठेवलं की उशिरा चाललेल्या प्रकल्पात माणसं वाढवली तर तो आणखी लांबतो. नव्या माणसाला शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि बोलण्याच्या वाटा वाढतात. बाईंच्या टीमचं तेव्हाच रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती क्लायंटला देणं, रखडलं होतं आणि वरून आणखी दोन माणसं द्यायचं चाललं होतं. या पंधरा वाटा मोकळ्या ठेवणं हे कुणाचं तरी काम असणार ना? त्याला वेळ लागतो आणि तो वेळ कामाचाच असतो.

माझ्या मनात अशा वेळी आचरेकर सर येतात. रमाकांत आचरेकर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. शिवाजी पार्कवर त्यांनी घडवलेली मुलं सगळ्यांना माहीत आहेत. बाईंनी लगेच हटकलं, "पण सर सचिनला कधी 'वेल प्लेड' म्हणाले नाहीत." बरोबर आहे, 2013 मध्ये वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सचिननंच ते सांगितलं. त्याच भाषणात त्यानं हेही सांगितलं की सर त्याला स्कूटरवर मागे बसवून मुंबईभर फिरवायचे, जास्तीत जास्त सामने खेळायला मिळावेत म्हणून. कौतुक केलं नाही, पण मॅच मिळवून दिल्या. मी विचारलं, "तुमच्या टीममध्ये कुणाला कुठली मॅच मिळते?"

इथून आमचं काम सरळ झालं. डेटाबेसचा प्रश्न घेऊन येणाऱ्या त्या मुलाला पुढच्या रिलीजमधला तोच भाग पूर्ण सोपवायचा. रिव्ह्यूमध्ये स्वतः बदल न करता प्रश्न लिहायचा: इथे दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या तर काय होईल? दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाशी एकेकट्यानं अर्धा तास बोलायचं, आणि तेही मराठीत किंवा हिंदीत. टीममधल्या गप्पा इंग्रजीतच झाल्या पाहिजेत असा नियम कुणी केला होता? कुणीच नाही. क्लायंटच्या कॉलआधी तीन वाक्यं कागदावर लिहून ठेवायची, त्याहून जास्त नाही.

रिलीजच्या रात्री त्या मुलाचा बदल अडकला. बाई कॉलवर होत्या. त्यांनी नंतर सांगितलं की हात अक्षरशः मांडीखाली दाबून बसल्या होत्या. त्यांनी त्याला दोनच गोष्टी विचारल्या: मागे फिरायची वाट तयार आहे का, आणि आत्ता तुला लॉगमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नोंदींत, काय दिसतंय? बदल मागे घेतला गेला, रिलीज दोन दिवस पुढे गेलं. क्लायंटला ते त्यांनी स्वतः कळवलं, त्या तीन वाक्यांत. पुढच्या स्टँडअपमध्ये, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगमध्ये, दुसऱ्या एका मुलीनं आपणहून सांगितलं की तिच्याही भागात तसलीच एक फट आहे. टीमकडून आलेली ही पहिली वाईट बातमी.

सगळं काही जागेवर आलंय असं नाही. मॅनेजर अजूनही विचारतात, "तुमचं स्वतःचं आउटपुट काय?" त्यावर आम्ही बरीच तयारी केली आणि एप्रिलच्या अप्रेझलआधी बाईंनी त्यांच्याशी बोलून अपेक्षा लिहून घेतल्या. त्यांत टीममधल्या दोघांना स्वतंत्रपणे रिलीज करता येणं हे उद्दिष्ट आलं. कोड त्या अजून लिहितात, सकाळी, ज्यावर कुणाचं काम अडलेलं नाही असा. रात्रीचा लॅपटॉप आठवड्यातून एखाद्या दिवशी उघडतो.

ज्यांना हे सगळं वाचूनही कोडमध्येच राहावंसं वाटतं, त्यांना माझं सांगणं आहे की तेही मोकळेपणानं मागा. बऱ्याच कंपन्यांत माणसं न सांभाळता तांत्रिक वाटेनं वर जाता येतं. तुमच्याकडे ती वाट आहे का, हे पद स्वीकारण्याआधी विचारा. आणि दोन-तीन आठवडे झोप उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते लीडपणाचं ओझं म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या फोन सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.