देवाचं बोलावणं आलंय असं वाटतं. नोकरी सोडून सेवेत उतरू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय २७, पुण्यात आयटीत नोकरी, घर जालन्याकडे. दर रविवारी चर्चमध्ये उपासनेला जाता, पण शेवटचा आशीर्वाद झाला की गाडीला किक मारून घरी. मध्यंतरी एका उपास-प्रार्थनेच्या सभेत बाहेरगावच्या वक्त्यांनी तुमच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की देवानं तुम्हाला पूर्णवेळ सेवेसाठी निवडलंय. तेव्हापासून झोप उडालीय, राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये पडून आहे आणि आई रडतेय.

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, नाही. नगरमध्ये हायस्कूलला शिकवते, आमच्या मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, शब्बाथशाळा (मुलांचा बायबलवर्ग) बघते आणि पाळकीय समितीवर बरीच वर्षं आहे. "मला पाचारण झालंय" असं सांगत आलेली तरुण पोरं समितीच्या टेबलाच्या अलीकडून पाहिली आहेत. त्यावरून सांगते: मेल तसाच ड्राफ्टमध्ये राहू द्या. तुमचं पाचारण खोटं आहे असं मी म्हणत नाही. खरं असेल तर ते वर्षभरानंही खरंच असेल, आणि तेवढ्यात तुमच्या मंडळीला तुम्ही कोण आहात हे कळायला तरी वेळ मिळेल. आत्ता त्यांना ते माहीत नाही. ज्यांनी हात ठेवला त्यांनाही नाही, ते दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला गेले.

बायबलमधली शमुवेलाची गोष्ट तुम्हाला शब्बाथशाळेपासून पाठ असणार. रात्री हाक येते, पोरगं उठून म्हाताऱ्या याजक एलीकडे धावतं, "मी बोलावलं नाही, जाऊन नीज" म्हणून एली परत पाठवतो. असं तीनदा. हाक ऐकू आली शमुवेलाला, पण ती कुणाची हे ओळखलं एलीनं. आणि हा एली काही मोठा आदर्श नव्हता. डोळे अधू झालेले, पोरं हाताबाहेर गेलेली. तरीही देवानं त्याला वगळून शमुवेलाशी परस्पर व्यवहार केला नाही. आपल्याकडे उपदेशात गोष्ट "बोल, तुझा दास ऐकत आहे" इथवर येऊन थांबते. पुढचं वाचा. संदेश होता तो एलीच्याच घराण्याच्या न्यायाचा, म्हणजे ऐकणाऱ्याला कुठलंही पद वगैरे मिळालं नाही, उलट सांगायला जीभ उचलणार नाही असं काहीतरी पदरात पडलं. आणि सकाळी शमुवेलानं काय केलं? परमेश्वराच्या मंदिराचे दरवाजे उघडले. त्याचं रोजचं काम होतं ते. मला या अध्यायातलं हे वाक्य फार आवडतं, पण त्यावर उपदेश झालेला मी अजून ऐकला नाही.

नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात १३व्या अध्यायात तर आणखी स्पष्ट आहे. अंत्युखियाची मंडळी उपास आणि उपासना करत असताना पवित्र आत्मा मंडळीला सांगतो की बर्णबा आणि शौल यांना वेगळं करून ठेवा. शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, दिमिष्काच्या वाटेवर प्रकाश दिसला होता, याहून भक्कम अनुभव कुणाचा असेल? तरी या कामावर त्याला पाठवलं ते मंडळीनं, हात ठेवून. त्याआधी वर्षभर तो आणि बर्णबा त्याच मंडळीत शिकवत होते आणि दुष्काळाची मदत यरुशलेमेला पोचवून आले होते. पैशाची थैली घेऊन जाणारा माणूस विश्वासू आहे हे लोकांनी आधी पाहिलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे अनोळखी माणसाच्या शब्दाला काहीच किंमत नाही? तसं मी म्हणू शकत नाही, कारण मग कवी नारायण वामन टिळकांचं काय करायचं? १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक गोरा सहप्रवासी भेटला, बोलणं रंगलं, त्यानं टिळकांच्या हाती नवा करार दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाकीत खरं ठरलं असं आपण कौतुकानं सांगतो. पण मधल्या दोन वर्षांकडे बघा. टिळक दुसऱ्या दिवशी उठून बाप्तिस्मा मागायला गेले नाहीत. त्यांनी ते पुस्तक वाचलं, शंका काढल्या, पत्रव्यवहार केला, स्वतःशी भांडले. त्या प्रवाशानं त्यांना निकाल दिला नाही, वाचायला काहीतरी दिलं. तुमच्या वक्त्यांनी काय दिलं? हात ठेवला, वाक्य बोलले आणि गेले. ते वाक्य मनात जपून ठेवा, हरकत नाही, पण त्याच्या जोरावर घर चालवायला निघू नका.

टिळकांचंच पुढचं. नगरला अमेरिकन मिशनच्या कामात त्यांनी दोन दशकांहून जास्त काळ घालवला, शिकवलं, लिहिलं, कीर्तनं केली, आज आपण रविवारी म्हणतो ती कितीतरी गीतं त्या काळात रचली. मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ काढला तो १९१७ साली. तेव्हा ते पंचावन्न ओलांडून गेले होते. घाई करणाऱ्या मुलांना मी हे साल मुद्दाम सांगते.

पंडिता रमाबाईंचं बोलावणं तर सभेतलं नव्हतंच. तरुणपणी दुष्काळात आईवडील उपासमारीनं गेलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. १८९६च्या दुष्काळात मध्य प्रांतात विधवा आणि मुली रस्त्यावर आल्यात असं कळल्यावर त्या तिथं गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. एवढ्या जणींना ठेवायचं कुठं, तर पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेतलेल्या जमिनीवर. मुक्ती मिशन उभं राहिलं ते असं. ज्याच्याकडे बघून झोप उडते आणि जे करायचं आपल्याला माहीत असतं, अशा ठिकाणी बोलावणं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. झोप तुमचीही उडालीय. पण कशानं? स्वतःच्या भवितव्यानं, की दुसऱ्या कुणाच्या गरजेनं? याचं उत्तर मला देऊ नका, पण स्वतःला द्या.

दुसरा भाग: मंडळीत नेमकं काय करायचं. येत्या रविवारी पाळकसाहेबांना भेटा आणि "मला पाचारण झालंय" हे वाक्य टाळून विचारा, "कुठलं काम अडून बसलंय?" ते पहिल्यांदा तुम्हाला लॅपटॉप दाखवतील. आयटीवाला दिसला की प्रोजेक्टर, यूट्यूबचं प्रक्षेपण आणि बाप्तिस्म्याची रजिस्टरं स्कॅन करणं गळ्यात पडतंच. करा, जुनी रजिस्टरं खरंच जीर्ण झालीत. पण त्यावर थांबू नका, कारण ते काम तुम्हाला येतं आणि त्यात माणसं भेटत नाहीत.

पहिलं, उपासनेनंतर व्हेस्ट्रीत (चर्चच्या आतल्या खोलीत) अर्पण मोजायला बसा. दोघांनी बसायचं असतं. थैली टेबलावर उलटी करायची, दशांशाची (मिळकतीच्या दहाव्या हिश्श्याची) पाकिटं बाजूला, नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी. काही नोटांच्या इतक्या घट्ट घड्या असतात की नखानं उलगडाव्या लागतात. त्या बहुधा म्हाताऱ्यांच्या, पदराच्या गाठीतून आलेल्या. बेरीज जुळेपर्यंत उठायचं नाही, मग वहीत दोघांच्या सह्या. मंडळी कोणाच्या जिवावर चालते हे उपदेशातून कळत नाही, तिथं कळतं.

दुसरं, मातीला जा. नुसतं उभं राहायला नको, कामाला. माणूस गेल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत काय काय लागतं हे बहुतेक तरुणांना माहीत नसतं: मृत्यूचा दाखला, पेटी कुठं मिळते आणि माप कसं सांगायचं, दफनभूमीची परवानगी, खोदणाऱ्यांना निरोप, गावाहून येणाऱ्यांसाठी वेळ कधीची ठेवायची, आणि घरातल्या बाईच्या हातात चहाचा कप कुणी द्यायचा. आमच्या मंडळीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका हे सगळं बघतात. रात्री अडीचला फोन केला तरी "आलोच" एवढंच म्हणतात. ते व्यासपीठावर कधी चढले नाहीत. समितीच्या निवडणुकीला एकदा उभे राहिले होते, पडले. (आमच्या मंडळीच्या शहाणपणाबद्दल यापेक्षा जास्त बोलत नाही.)

आणि तुम्ही पुण्यात आहात म्हणून तिसरं. मराठवाड्यातून, नगरमधून लोक उपचाराला पुण्याला येतात, ससूनला किंवा दुसरीकडे. खेड्यातल्या मंडळीतली माणसं असतात, शहरात ओळखीचं कुणी नसतं. पेशंटसोबतची बाई रात्र जिन्यात काढते. जालन्याच्या तुमच्या पाळकांना नंबर देऊन ठेवा आणि सांगा की आपल्याकडचं कुणी इकडं दाखल झालं तर कळवा. डबा न्या, कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा ते सांगा, प्रार्थना करा म्हणाले तर करा, नाहीतर नुसतं बसा. यरुशलेमेतल्या पहिल्या ख्रिस्ती मंडळीत तक्रार याच जातीची होती. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जातंय, म्हणून पंक्तीची व्यवस्था बघायला सात माणसं निवडली, आणि या कामालासुद्धा आत्म्यानं पूर्ण अशीच माणसं शोधली. पुढे विश्वासासाठी पहिला हुतात्मा झालेला स्तेफन त्यांतलाच.

हे करताना तुम्हाला मंडळीची दुसरी बाजूही दिसेल. समितीच्या निवडणुकीत गट पडतात, जमिनीचे वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालतात, गायनसंघात पहिल्या रांगेत कोण उभं राहणार यावरून अबोले होतात. सभेच्या भारावलेल्या वातावरणात बोलावणं ऐकलेले बरेच जण इथं गळतात. मला तर हीच खरी परीक्षा वाटते. भांडकुदळ माणसांवर प्रेम करता येत नसेल तर पाळकपण हे आयुष्यभराचं दुखणं होईल, तुम्हालाही आणि त्यांनाही.

वर्षभर असं काम केल्यावर काय बघायचं? लोक आपणहून तुम्हाला बोलवू लागले का, घरात अडचण आली की फोन येतो का. एखाद्या जुन्या बाईनं कधीतरी सहज विचारलं का की "बाळा, तू पाळक का होत नाहीस?" माझ्या अनुभवात हे वाक्य ऐकलेली मुलं टिकली. तसं काही झालं नाही, पण काम मनापासून आवडू लागलं, तर तेही पाचारणच आहे. पौल करिंथात अक्विल्लाकडे राहून तंबू शिवत होता. दुर्कस यापोत विधवांसाठी कपडे शिवायची. ती गेली तेव्हा त्या बायका तिनं शिवलेले अंगरखे पेत्राला दाखवत रडत होत्या. पगारी सेवेलाच सेवा म्हणायचं ही सवय आपल्याला मिशनच्या काळात लागली असावी, असं माझं मत आहे.

आणि पाळकपणाकडेच पाऊल वळलं, तर वाट ठरलेली आहे आणि ती लांब आहे, हे चांगलंच आहे. आमचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, १९७०मध्ये नागपूरला सहा संप्रदाय एकत्र येऊन झालेलं. आमच्याकडे स्वतःच्या पाळकांची आणि समितीची शिफारस लागते, मग धर्मप्रांताकडून मुलाखत, मग ईश्वरविज्ञानाची बी.डी. ही पदवी. ती काही वर्षं घेते. त्यानंतर आधी डीकनची (साहाय्यक सेवकाची) दीक्षा, मग प्रेसबिटरची (पूर्ण पाळकाची). तुमची मंडळी दुसऱ्या संप्रदायाची असेल तर तपशील बदलतील. बदल्या होत राहतात, पगार तुमच्या आजच्या पगाराच्या जवळपासही नसतो. पुढे लग्न झाल्यावर "पाळकीणबाई" म्हणून तुमच्या बायकोकडून मंडळी फुकटात किती काम करून घेते, हे कुठल्याही पाळकाच्या घरी चहाला गेलात की कळेल. मुलगी बघतानाच हे सांगून टाका.

नोकरी न सोडता अभ्यासाची चाचणी घेता येते. ईश्वरविज्ञानाच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटचा 'बॅचलर ऑफ ख्रिश्चन स्टडीज' हा अभ्यासक्रम घरी बसून, सवडीनं करता येतो. रोज कामावरून आल्यावर यिर्मयाचं पुस्तक आणि मंडळीचा इतिहास घेऊन बसायची तुमची किती तयारी आहे, ते त्यात स्वच्छ कळेल. पुण्यात सेमिनरी, म्हणजे पाळकांचं शिक्षण देणारी महाविद्यालयं, आहेत: युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आणि बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल. एखाद्या शनिवारी जाऊन तिथल्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोला. प्राध्यापकांपेक्षा ते जास्त खरं सांगतात.

राहिल्या आई. त्या तुमच्या विश्वासाच्या आड येताहेत असं त्या सभेतल्या कुणी सांगितलं असेल तर ते मनावर घेऊ नका. घरावर कर्ज असेल तर हप्ते किती उरलेत, भावंडांच्या शिक्षणाचं काय, हे त्यांना माहीत आहे आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेखही नाही. या रविवारी त्यांना फोन करा, राजीनामा देत नाही एवढं आधी सांगा, आणि मग त्यांना काय वाटतं ते विचारून शेवटपर्यंत ऐकून घ्या.