ओसाकात टेबलावर तवा असलेल्या ओकोनोमियाकीच्या हॉटेलात पहिल्यांदा जाताना काय लक्षात ठेवावं?

तुम्ही विचारलंय की पुढच्या महिन्यात नवरा, मुलगी आणि सासूबाईंना घेऊन ओसाकाला येताय आणि टेबलावरच तवा असतो त्या ओकोनोमियाकीच्या, म्हणजे कोबीच्या जाड जपानी धिरड्याच्या, हॉटेलात जेवायचं मनात आहे. तिथे स्वतः भाजावं लागतं का, मागवायचं काय, आणि सासूबाई अंडं खातात पण मांस-मासळी अजिबात नाही, त्यांचं कसं करायचं? मी गेली सात वर्षं नोकरीनिमित्त ओसाकात राहते. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तुमचा सगळा बेत त्यावर ठरणार आहे.

साध्या ओकोनोमियाकीच्या दुकानात सासूबाईंना निर्धास्तपणे खाता येईल असं जवळपास काहीच नसतं. वरून दिसत नाही, पण मासळी पिठातच असते. पीठ भिजवतात ते दाशीत, आणि दाशी म्हणजे बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाचं पाणी. वर पसरतात त्या लाकडाच्या ढलप्यांसारख्या दिसणाऱ्या चकत्याही त्याच माशाच्या. नेहमीच्या सॉसमध्ये मांसाचा आणि कालवांचा अर्क असतो. शिवाय तवा सगळ्यांचा एकच, आधीच्या गिऱ्हाइकाचं डुक्कर त्याच्यावरच परतलेलं. ‘बुता नुकी दे’, म्हणजे डुक्कर वगळून, असं सांगितलं की ते मनापासून वगळतात, पण पीठ सकाळीच कालवून ठेवलेलं असतं, त्यातली दाशी कशी वगळणार? म्हणून शाकाहारी किंवा व्हीगन असं स्पष्ट लिहिलेलं दुकान आधी शोधा आणि तिथे जा. ‘बघू तिथे गेल्यावर’ असं म्हणून वयस्कर माणसाला दारात उभं करू नका. माझ्या आईच्या बाबतीत मी ते केलं होतं, त्याबद्दल खाली लिहिते.

आता तुम्हा तिघांचं. ‘ओकोनोमी’ म्हणजे आपल्या आवडीचं आणि ‘याकी’ म्हणजे भाजलेलं. पर्यटकांसाठीच्या माहितीत त्याला जपानी पिझ्झा म्हणतात, ते मला पटत नाही. मराठी माणसाला समजायचं तर हे कोबीचं जाडजूड धिरडं आहे, ज्यात पीठ नावालाच आणि कोबी भरपूर. पिठात किसलेला यामाइमो घालतात. हा आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद, किसला की बुळबुळीत होतो आणि त्याच्यामुळेच आतून हलकेपणा येतो. दोतोनबोरी या ओसाकातल्या गजबजलेल्या भागात १९४५ पासून चाललेलं मिझुनो नावाचं दुकान आहे, तिथला एक प्रकार तर गव्हाच्या पिठाशिवाय, निव्वळ या कंदावर होतो. रांग असते, पण उभं राहण्याजोगं आहे. तिथे भाजणारे तेच, आपण समोर बसून बघायचं.

स्वतः भाजावं लागतं का, हे दुकानावर आहे. काही ठिकाणी आतल्या मोठ्या तव्यावर करून आणतात आणि तुमच्या टेबलावरचा तवा फक्त गरम ठेवायला असतो. काही ठिकाणी मुलगा किंवा बाई तुमच्या टेबलाशी येऊन करतात, मध्येच जातात, वेळ झाली की बरोबर परत येतात. आणि काही ठिकाणी स्टीलच्या वाडग्यात सगळं कच्चं आणून ठेवतात, पुढचं तुमचं. असं झालं आणि जमेल असं वाटत नसेल, तर ‘याइते मोराएमास का’ म्हणजे ‘भाजून द्याल का’ असं विचारा. कोणी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. पण मुलगी बरोबर आहे, तर मी म्हणेन की एक तरी स्वतः करा.

वाडगा आला की चमच्याने खालून वर असं हलवायचं, कोबीत हवा राहील इतपतच. घोटून घोटून ओलं केलं की धिरडं चिवट होतं. तव्यावर तेल, मग सगळं ओतून दोन बोटं जाडीचा गोल करायचा. बुताडामा मागवलं असेल तर डुकराच्या मांसाच्या पातळ पट्ट्या वर पसरायच्या, इकाडामात माकूळ आधीच मिसळलेली असते. आणि मग हात मागे घ्यायचे. पाच-सहा मिनिटं काहीही करायचं नाही.

ही पाच-सहा मिनिटंच कठीण जातात. समोर चुरचुरत असतं, हातात दोन लोखंडी कलथे असतात (ओसाकात त्यांना कोते म्हणतात), आणि आपल्याला थालीपीठ थापायची, पोळी दाबून फुगवायची सवय. पहिल्यांदा गेले तेव्हा मी उलटल्यावर कोत्याने वरून दाबलं. कडेने पाणी सुटलं, वाफ भस्सकन निघाली आणि दुकानाच्या साठीच्या बाई पदपथालगतच्या टेबलापर्यंत चालत येऊन माझ्या मनगटावर हलकेच हात ठेवून म्हणाल्या, ‘ओसाएनाइ दे ने’, दाबू नको हं. त्यांनी माझ्यासमोर दुसरं करून दाखवलं. दोन्ही बाजूंनी कोते खाली सारायचे, घट्ट धरायचे आणि मनगटाच्या एकाच झटक्यात उलटायचं. घाबरत घाबरत उचललं तरच ते मोडतं. मग परत पाच मिनिटं, मग शेवटी एकदा उलटून मांसाची बाजू वर. कोबी आतल्या आत स्वतःच्या पाण्यावर शिजतो, दाबलं की तेच पाणी तव्यावर जातं. तेव्हापासून मी कुणालाही नेलं की एवढंच सांगते: दाबू नका.

नंतर ब्रशने सॉस. जाड थर द्या, थोडा कडेवरून तव्यावर ओघळू द्या. तो तापलेल्या लोखंडावर पडून जळायला लागतो तो वास म्हणजेच ओकोनोमियाकीचं दुकान, गल्लीच्या तोंडाशी येतो. या सॉसच्या गोडीत खजूर असतो, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. हिरोशिमाची ओताफुकु कंपनी १९५२ पासून खास ओकोनोमियाकीसाठी सॉस करते, तिच्या बाटलीवर घटकांमध्ये खजूर लिहिलेला आहे. सॉसवर मेयोनेज, हिरवी शेवाळाची पूड आणि सगळ्यात शेवटी त्या माशाच्या चकत्या. वाफ लागताच त्या वळतात, उठतात, परत झोपतात, जिवंत असल्यासारख्या. तुमच्या मुलीला इथे नक्की फोटो काढायचा असेल, तेवढं थांबा.

कापायचं ते चौकोन चौकोन, आडवे-उभे, कोत्यानेच. पिझ्झ्यासारखे त्रिकोण करू नका, कोत्यावर ते नीट उचलले जात नाहीत. इथली माणसं कोत्यावरूनच तोंडात घालतात. तुम्ही बशी आणि चॉपस्टिक्स घ्या, कारण लोखंड ओठाला लागलं तर आठवडाभर दुखतं. तवा २०० अंशांच्या आसपास असतो, मुलीला तव्याला अगदी लागून बसवू नका आणि तुमच्या दुपट्ट्याची टोकं आवरून बसा. कोट, पिशव्या बाकाच्या किंवा स्टुलाच्या आत ठेवायची सोय बऱ्याच ठिकाणी असते, ती वापरा. कपड्यांना वास लागतोच, म्हणून हा बेत विमानाच्या दिवशी करू नका.

मागवताना माणशी एकेक ओकोनोमियाकी घेऊ नका. दोन ओकोनोमियाकी आणि एक याकिसोबा, म्हणजे तव्यावरच्या नूडल्स, असं मध्ये ठेवून वाटून खा, कमी पडलं तर आणखी मागवा. एकाची किंमत साधारण १००० ते १५०० येन पडते. नेगियाकी हा पातीच्या कांद्याचा पातळ प्रकार मिळाला तर जरूर घ्या, मला तो सगळ्यांत जास्त आवडतो. शेजारच्या टेबलावर कुणी ओकोनोमियाकी भाताबरोबर खाताना दिसेल. ओसाकाची ती पद्धतच आहे. पिठाच्या पदार्थाबरोबर भात काय खाता, म्हणून तोक्योची माणसं त्याला नावं ठेवतात, पण वडापाव खाऊन मोठी झालेली माणसं आपण, आपल्याला त्यात काही वावगं वाटायचं कारण नाही.

तुमच्या बेतात हिरोशिमा असेल तर तिथे मात्र पुन्हा खा, कारण तो वेगळाच पदार्थ आहे. तिथे पीठ आणि कोबी मिसळत नाहीत. आधी पातळ घावन, त्यावर कोबीचा ढीग, मोडाच्या कोंबांचा ढीग, मांस, मग सगळं उलटून बाजूला परतलेल्या नूडल्सवर, आणि ते सगळं फोडून पसरलेल्या अंड्यावर. हे घरच्यासारखं आपण करण्यातलं काम नाही, तिथे कारागीरच करतो. दुसऱ्या महायुद्धाआधी मुलांना एका सेनला (येनच्या शंभराव्या भागाला) मिळणारं पातळ पिठाचं खाणं होतं, त्यात अणुबॉम्बनंतरच्या उपासमारीत अमेरिकेच्या मदतीतून आलेल्या गव्हाच्या पिठाची आणि स्वस्त कोबीची भर पडून हे जेवण उभं राहिलं. युद्धात नवरे गेलेल्या बायकांनी घराच्या पुढच्या खोलीत तवा टाकून संसार चालवले. म्हणूनच तिथल्या कितीतरी जुन्या दुकानांची नावं ‘अमुक-चान’ अशी, बाईला लाडाने हाक मारावी तशी आहेत. आणि तिथे ‘हिरोशिमायाकी’ म्हणू नका, त्यांना ते लागतं. त्यांच्यासाठी तीच ओकोनोमियाकी.

आता आईचं. ती तीन वर्षांपूर्वी सांगलीहून आली तेव्हा मी हौसेने तिला माझ्या आवडत्या दुकानात नेलं. ‘डुक्कर नको, मासा नको’ हे जपानीत नीट पाठ केलं होतं. मालकांनी ऐकून घेतलं आणि दारातच सांगितलं की पिठात मासळीची दाशी आहे, आईंना खायला घालणं मला बरं वाटणार नाही. ते खोटं बोलून खपवू शकले असते. आई मात्र त्या तव्याकडे बघत उभी राहिली. दहा मिनिटं, बाहेरून, काचेतून. माझ्या मनाला ते फार लागलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरीच केलं. इथे घराघरात विजेचा सपाट तवा असतो, तसा माझ्याकडेही आहे. कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ रात्रभर पाण्यात भिजवलं की मासळीशिवायची दाशी होते. कोबी, यामाइमो, अंडी, लाल आलं सगळं कोपऱ्यावरच्या दुकानात मिळालं. राहिला सॉस. मी सॉसमधल्या खजुराचं सांगितल्यावर आई म्हणाली, ‘मग भेळेची चटणीच की ही.’ जवळच्या कोबे शहरातल्या भारतीय दुकानातून चिंच आणली होती. तिने खजूर आणि चिंच शिजवून गाळली, त्यात सोया सॉस आणि थोडी मिरपूड घालून आटवली. रंग हुबेहूब आला. चव एकदम तीच नव्हती, जास्त आंबट होती, आणि मला आता तशीच आवडते.

तुमचा मुक्काम अपार्टमेंटमध्ये असेल आणि तिथे विजेचा तवा असेल (बुकिंग करताना ‘हॉट प्लेट’ आहे का विचारा), तर एक संध्याकाळ सासूबाईंसाठी अशी ठेवा. बिनबियांचा खजूर घरूनच बॅगेत घाला, चिंच इथल्या भारतीय दुकानातून घ्या. शाकाहारी दुकान सापडलं तरीही ठेवा, कारण दुकानात त्यांना कोते हातात घ्यायला मिळेलच असं नाही. आईला मी उलटायचं कसं ते सांगायला लागले, तर तिने दोन्ही कोते माझ्या हातातून घेतले, खाली सारले आणि पहिल्याच झटक्यात अख्खं उलटलं. दाबलं नाही.