पेट्रोलचा भाव नक्की कोण ठरवतं?

प्रश्न : पेट्रोल बाजारभावावर सोडलंय ना, मग कच्चं तेल उतरलं तरी पंपावर भाव का उतरत नाही? सगळा नफा कंपन्याच खातात का?

उत्तर : ताई, कागदावर पेट्रोल जून 2010 मध्ये आणि डिझेल ऑक्टोबर 2014 मध्ये मोकळं झालं, 2017 पासून तर रोज सकाळी 6 ला नवा भाव यायला लागला, पण नोव्हेंबर 2021 पासून उत्तर प्रदेशची निवडणूक संपेपर्यंत तो आकडा जागचा हलला नाही. नंतर तेल भडकलं तेव्हा सरकारी कंपन्यांनी तोटा सोसला आणि 2023-24 मध्ये तेल उतरल्यावर भाव तसाच ठेवून जबरदस्त नफा कमावला. ग्राहकाला लिटरमागे सूट मिळाली 2 रुपये, तेही मार्च 2024 मध्ये, लोकसभेच्या तोंडावर! खासगी रिफायनऱ्यांचं वेगळं, त्यांच्या एक्स्पोर्टवर 1 जुलै 2022 ला विंडफॉल टॅक्स (म्हणजे अचानक मिळालेल्या जादा नफ्यावरचा कर) बसला, डिझेलला लिटरमागे 13 रुपये, आणि तो डिसेंबर 2024 मध्ये काढला. मला तर याचाच राग येतो, भाव सरकारच ठरवणार असेल तर तसं उघड सांगावं ना, रोज स्कूटरमध्ये 100 रुपयांचं पेट्रोल टाकणाऱ्याला बाजाराचं नाव कशाला सांगायचं?