बेल्ट सातपट उचलतो म्हणजे नेमके काय? – स्लिंगविषयी वाचकांचे प्रश्न

क्रेनच्या तपासणीला गेलो की क्रेन बहुधा ठीक निघते. हुकाखाली लटकणारे, भार बांधून उचलणारे बेल्ट, वायर रोप आणि साखळ्या, म्हणजेच स्लिंग, मात्र कोणाच्याच नोंदवहीत नसतात. तेच तेच प्रश्न वारंवार येत असल्याने त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

रंगावरून बेल्टची क्षमता ओळखावी का?

जांभळा 1 टन, हिरवा 2, पिवळा 3, करडा 4 आणि तांबडा 5 हा युरोपीय मानकातील संकेत आपल्या बाजारातही रूढ आहे. तरीही क्षमता लेबलवरच वाचावी आणि लेबल गेलेला बेल्ट वापरातून काढावा.

पुरवठादार म्हणतो की 2 टनांचा बेल्ट 14 टनांपर्यंत तुटत नाही. मग अडचणीच्या वेळी त्याने 3 टनांचा डाय (धातूचा साचा) उचलायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि पुरवठादाराने तुम्हाला अर्धेच सांगितले आहे. तुटण्याचा भार आणि लेबलवरील क्षमता यांचे सातास एक हे प्रमाण नव्या, न चिरलेल्या आणि चाचणी यंत्रावर सरळ ओढलेल्या बेल्टचे असते. उरलेले सहा भाग तुमच्या अडचणीसाठी राखून ठेवलेले नसतात. क्रेन झटक्याने उचलते, उन्हात पडून धागा कमकुवत होतो, भाराचे वजन कोणीतरी अंदाजाने सांगितलेले असते, आणि या सगळ्यांचा हिशेब त्या सहा भागांतूनच चुकता होत असतो. त्यातच तुम्ही डायला फास घालून उचलणार असाल, तर क्षमता 0.8 पटीवर येते. म्हणजे 2 टनांचा बेल्ट 1.6 टनांचाच उरतो आणि 3 टनांचा बेल्टही 2.4 टनांचा झाल्याने या कामाला अपुरा पडतो. धारदार कोपऱ्यावर तर ताणलेला बेल्ट किंचित सरकला तरी कापला जातो, मग तो कितीही टनांचा असो. कोपऱ्याला संरक्षक लावल्याशिवाय तेथे बेल्ट घालूच नये.

मागे एका फॅब्रिकेशन शेडमध्ये असाच एक पिवळा बेल्ट हाती आला. वरून तो नवा दिसत होता. काठ बोटावर उलटा वाकवला तेव्हा नखाएवढी चीर उघडली आणि धाग्यांची कुसळे बाहेर आली. भार बांधणारा खलाशी म्हणाला, “साहेब, कालच याने प्लेटा उचलल्या.” तो बेल्ट मी तेथेच कापून दोन तुकडे करायला लावला, कारण नुसता बाजूला टाकलेला बाद बेल्ट रात्रपाळीत पुन्हा हुकावर चढतो.

पुरवठादारांची दुसरी युक्ती म्हणजे मालासोबत आलेले, एकाच प्रवासापुरते बनवलेले बेल्ट ‘जवळजवळ नवे’ म्हणून विकणे. ते स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. तुमच्या डायचे वजन ड्रॉइंगवरून काढा आणि तो कसा बांधणार हे उत्पादकाला सांगून मगच बेल्ट निवडा.

दोन पायांच्या स्लिंगवर भार निम्मा-निम्मा येतो ना?

पाय उभे असतील तरच. भार 2 टनांचा आणि हुकापाशी दोन पायांतील कोन 60 अंशांचा असेल, तर प्रत्येक पायावर सुमारे 1.15 टन येतो. 90 अंशांना 1.41 आणि 120 अंशांना पूर्ण 2 टन. पायाची लांबी दोन उचलबिंदूंमधील अंतराएवढी घेतली की कोन 60 अंशांचा होतो, हे खलाशाला सांगायला सोपे पडते. भाराचा गुरुत्वमध्य एका बाजूला असेल, तर हा हिशेब लागू होत नाही. अशा वेळी जाणकाराकडून गणित करून घ्यावे.

लांब बेल्टला गाठ मारून तो आखूड करता येतो का?

नाही.

ॲसिडच्या टाकीत जॉब बुडवतो. बेल्ट वापरावा की साखळी?

ग्रेड 80 ची, म्हणजे उचलण्यासाठीच्या मिश्र पोलादाची साखळी ॲसिडमध्ये ठिसूळ होऊन आगाऊ सूचना न देता तुटू शकते आणि नायलॉनलाही ॲसिड मानवत नाही. पॉलिएस्टर तग धरतो, परंतु सौम्य ॲसिडही सुकताना तीव्र होत जाते, म्हणून बेल्ट लगेच साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. ॲसिडचे नाव, प्रमाण आणि तापमान कळवून उत्पादकाचे लेखी मत घ्यावे.

वायर रोपच्या दोन-चार तारा तुटल्या तर चालते असे सगळे म्हणतात.

सगळे म्हणजे कोण? युरोपीय मानकानुसार दोराच्या व्यासाच्या सहापट लांबीत सहा विखुरलेल्या तारा तुटल्या की स्लिंग बाद होतो. 12 मिलिमीटरच्या दोराच्या बाबतीत ही लांबी 72 मिलिमीटर भरते. एकाच पेडातील लागून असलेल्या तीन तारा तुटल्या असतील, तर विखुरलेल्या तारा मोजतही बसू नये. पीळ सुटला असेल, दोर चेपला असेल किंवा गंज आत शिरला असेल, तर तारा शाबूत असूनही सक्षम व्यक्तीला, म्हणजे अशा तपासणीसाठी मान्यता असलेल्या तपासनिसाला दाखवावा.

वार्षिक प्रमाणपत्र एजंट व्हॉट्सॲपवर पाठवतो. ते चालेल का?

चालणार नाही. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 ने बारा महिन्यांतून निदान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी करण्याचा दंडक घालून दिला, आणि स्लिंग हातात न घेता कसून तपासणी होत नाही. प्रत्येक स्लिंगवर क्रमांक आहे का आणि तोच प्रमाणपत्रावर आहे का, हे आजच पडताळा. जुळत नसेल, तर प्रत्यक्ष येऊन तपासणी होईपर्यंत ते स्लिंग कुलपात ठेवा.