मिनारे नव्हेत, मनोरे

प्रश्न असा आहे : इस्तंबूलच्या निळ्या मशिदीवर लिहिताना 'सहा मिनारे', 'सहा मिनार' की 'सहा मनोरे'?

काहीही लिहा, पण 'मिनारे' नको. 'मशिदीची उंच मिनारे' ऐकून कान किटले. हिंदीत मीनार स्त्रीलिंगी, म्हणून तिच्या 'मीनारें' होतात. आपला मिनार पुल्लिंगी. एक देव, सहा देव. तसा एक मिनार, सहा मिनार. मनोरा आकारान्त, त्याचे मनोरे. मी मनोरेच लिहीन.

गोविंदांचे मनोरे, मोबाइलचे मनोरे, हवेतले मनोरे सोडून देऊ. मूळ अरबी 'मनारा', म्हणजे उजेडाची जागा! 'नूर' त्याच धातूतला, दीपस्तंभालाही तोच शब्द. हिब्रूतला भाऊबंद 'मेनोरा', म्हणजे सात फांद्यांची समई. कोकणातल्या बेने इस्रायली (म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या) घरांत मराठी मनोरा आणि हिब्रू मेनोरा एकाच जिभेवर नांदले. मनोरा 'मनोहर'वरून आला, असे छातीठोक सांगणारे पंडित आहेत. त्यांनी उंच काही दिसले की संस्कृत शोधायची सवय सोडावी. माझ्या मते मनोहर-मनोरथांच्या शेजाराने फार तर 'ना'चा 'नो' झाला. (हिब्रूतला 'ओ' वेगळा, त्याचे श्रेय कोकणाला देऊ नका.)

आणि इस्तंबूलने शब्दातला दिवा विझू दिलेला नाही. रमजानमध्ये दोन मनोऱ्यांच्या मध्ये दोर ताणून दिव्यांनी अक्षरे लिहितात, त्याला 'माह्या' म्हणतात. पूर्वी तेलाचे दिवे असत, आता विजेचे. एकुलता मनोरा असलेल्या मशिदीला हे जमायचे नाही. निळ्या मशिदीला सहा : नमाजगृहाच्या चार कोपऱ्यांवरच्यांना तीन-तीन सज्जे, अंगणाच्या टोकाच्या दोघांना दोन-दोन, एकूण सोळा.

सहाच का? 1609 साली काम सुरू झाले. सुलतान पहिला अहमद, आणि वास्तुकार सेदेफकार मेहमेद आगा, थोर तुर्की वास्तुकार सिनानच्या हाताखाली घडलेला. (सेदेफ म्हणजे शिंपल्याचा चकचकीत थर, तो जडवण्यात हा उस्ताद.) म्हणे सुलतानाने मनोरे तुर्कीत 'आल्तिन', म्हणजे सोन्याचे, मागितले आणि आगाने 'आल्ति', सहा, ऐकले. इतिहासकार याला दंतकथा म्हणतात. म्हणोत बापडे. एका 'न'वर सुलतानाचे सोने वाचले, ही गोष्ट मी सोडणार नाही. सुलतान मराठी असता तर 'सोन्याचे'चे 'सहा' कोणत्याच आगाला ऐकू आले नसते.