जीभ जड आहे, कापून आणू का?

हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. मी पालिकेच्या शाळेत स्पीच असिस्टंट आहे, डीएचएलएस केलंय, ऐकणं, भाषा आणि बोलणं यातला डिप्लोमा. म्हणजे तपासणी आणि पुढचं काय ते थेरपिस्ट मॅडम ठरवतात, त्या पंधरा दिवसांनी येतात, रोजचा सराव माझ्याकडे.

तर मागच्या जूनमध्ये दुसरीतल्या एका मुलाची आई आली. पोरगा 7 वर्षांचा, सगळ्या क चा त करायचा, काकाला ताता, केळ्याला तेळं, आणि नशीब बघा, त्याच्या स्वतःच्या नावातच दोन क, त्यामुळे नाव सांगायची वेळ आली की वर्ग हसायचा आणि शेवटी त्याने वर्गात बोलणंच सोडलं. आजीचं वेखंड उगाळून चाटवून झालं होतं. आता कोणीतरी सांगितलेलं की जिभेखालची शीर कापली की जीभ मोकळी होते. "ताई, डॉक्टरची तारीख घेतलीय, कापून आणू ना?"

म्हटलं, जरा थांबा. पोराला ला-ला, ता-ता म्हणायला लावलं, एकदम स्वच्छ. जीभ बाहेर काढ, वर लाव, तेही केलं. आता तुम्हीच क म्हणून बघा, जिभेचं टोक खाली पडून असतं आणि मागचा भाग टाळूला लागतो. जिभेखालचा पडदा, म्हणजे लोक शीर म्हणतात तीच, धरून ठेवतो तो पुढच्या भागाला, आणि याचं टोक तर जरा जास्तच पळत होतं! (आपली मुळाक्षरं याच हिशोबाने लावलीयेत, क ची ओळ घशाकडे, त ची दातापाशी, प ची ओठांवर. तक्ता प्रत्येक वर्गात लटकतो, हे मात्र कोणी सांगत नाही.) काही मुलांना कापावं लागतं, नाही असं नाही, पण जीभ हलतच नसेल तर.

मॅडमनी बघितलं, त्याही तेच म्हणाल्या, पण आधी कान तपासून आणायला लावले, लहानपणी कान वाहायचा ना त्याचा. रिपोर्ट नॉर्मल आला. ही पायरी लोक सर्रास गाळतात आणि माझं डोकं फिरतं, ऐकूच नीट येत नसेल तर उच्चार घोटून काय उपयोग?

मग मान मागे करून पाण्याच्या गुळण्या, नंतर तोच आवाज पाण्याशिवाय. आइस्क्रीमच्या काडीने टोक हलकं दाबायचं, काडी त्याच्याच हातात, आरशासमोर. दोन आठवडे नुसती घरघर, मग एक दिवस "अक्". पुढे कार-तार, काप-ताप अशी चित्रं, तो म्हणेल ते मी उचलायचं. कार हवी असताना तार हातात आली की असा भडकायचा! घरी रोज दहा मिनिटं, आणि "नीट बोल" म्हणायला सगळ्यांना बंदी.

दिवाळीनंतर त्याने वर्गात उभं राहून नाव सांगितलं.

परवा आईचा फोन, "ताई, आता ताटाला काट म्हणतोय, हे काय नवीन?" अहो, नवा आवाज सापडला की पोरं तो सगळीकडे लावतात, बसेल हळूहळू जागेवर. आजी मात्र परत वेखंड काढून बसलीय म्हणे.